ठेक्यावरची शहर बस: 10 वर्षांनंतरची गर्दी आजच्या करारात कशी धरायची?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकची शहर बससेवा, सिटीलिंक, खासगी ठेकेदारांच्या बसवर, किलोमीटरच्या दराने चालते. शहर चहूबाजूंनी वाढतंय, सिंहस्थ तोंडावर आहे, मेट्रो निओ (उन्नत मार्गावर टायरवर धावणारी मेट्रो) कागदावरच आहे. अशा सेवेत 10-15 वर्षांनंतर लागणारी क्षमता आजच्या करारात कशी धरायची, आणि धरली नाही तर नेमकं काय बिघडतं?

बहुतेक जण बसच्या संख्येपासून सुरुवात करतात. 8 जुलै 2021 रोजी सेवा सुरू झाली तेव्हा आराखडा 250 बसचा होता, 200 सीएनजी आणि 50 डिझेल. 2011च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या 14.86 लाख होती, म्हणजे हजार माणसांमागे 0.17 बस. केंद्राच्या सेवा-मानकांत 0.6च्या वर पहिली श्रेणी आणि 0.2च्या खाली शेवटची. पहिल्या श्रेणीसाठी 2011च्याच लोकसंख्येला जवळपास 890 बस लागतात. हा आकडा सभागृहात टाळ्या घेतो, पण त्यावरून करार लिहिता येत नाही. कोणत्या मार्गावर, कोणत्या तासाला, किती माणसं थांब्यावर राहतात हे तो सांगत नाही. आणि बस वाढवायची पाळी आली की ती कोणाच्या खिशातून येणार, याबद्दल तर तो अवाक्षर काढत नाही.

म्हणून आधी पैसा बघा. ग्रॉस कॉस्ट पद्धतीत बस, चालक आणि देखभाल ठेकेदाराकडे. मार्ग, वेळापत्रक आणि तिकिटाचा गल्ला पालिकेच्या परिवहन महामंडळाकडे. ठेकेदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो, बस भरलेली असो की रिकामी. समजा सगळा खर्च किलोमीटरला 75 रुपये आणि तिकिटाचं उत्पन्न 40 रुपये. हे आकडे हिशेबापुरते. एक बस वर्षाला 70,000 किलोमीटर धावली तर तूट साडेचोवीस लाख. 50 बस वाढवल्या तर सव्वाबारा कोटी. जादा बस सकाळी 9 ते 11 खच्चून भरते, पण दुपारी 1 ते 4 रिकामी फिरते, त्यामुळे तिची तूट सरासरीपेक्षा जास्तच निघते. थोडक्यात, गर्दी वाढली की पालिकेला आनंद होण्याऐवजी धास्ती वाटते. लेखा विभागाच्या दृष्टीने सगळ्यात स्वस्त बस म्हणजे न घेतलेली बस.

तिकिटाची जोखीम खासगी कंपनीवर टाकली की चित्र उलटतं, सुटत नाही. हैदराबाद मेट्रोचे फलाट 6 डब्यांसाठी बांधले आणि सेवा 2017मध्ये 3 डब्यांच्या गाड्यांनी सुरू झाली. फलाट अर्धा रिकामा, डबे तुडुंब, असं चित्र वर्षानुवर्षं राहिलं, कारण प्रवासी उभ्यानेही तेवढंच तिकीट देतो. नवे डबे घेतले तर कंपनीचा खर्च लगेच वाढतो, उत्पन्न त्या प्रमाणात वाढत नाही. दिल्लीच्या विमानतळ मार्गिकेवर प्रवासी अपेक्षेपेक्षा खूप कमी आले, खासगी चालक 2013मध्ये बाहेर पडला आणि सरकारी मेट्रोला मार्गिका चालवायला घ्यावी लागली. अंदाज वर चुकला तरी फटका, खाली चुकला तरी फटका. तेव्हा 15 वर्षांचा एकच अंदाज कराराच्या केंद्रस्थानी ठेवू नका. जे नंतर बदलता येत नाही ते आज मोठं घ्या, जे बदलता येतं ते टप्प्याने घ्या, आणि पुढचा टप्पा कशाने सुरू होईल, कोणत्या दराने, हे आजच लिहून ठेवा.

आता एक मार्ग जवळून बघू. निमाणी ते नाशिकरोड, एका बाजूला 11 किलोमीटर धरा. बस ताशी 15 किलोमीटरने गेली तर 44 मिनिटं, परत 44, दोन्ही टोकांची मिळून विश्रांती 12. एक फेरा 100 मिनिटांचा. दर 5 मिनिटांनी बस हवी तर 100 भागिले 5, म्हणजे 20 बस रस्त्यावर. 8 टक्के राखीव धरून 22. बसची क्षमता 60 प्रवासी, त्यात बसलेले 35 आणि उभे 25, असं धरलं तर तासाला एका दिशेने 12 बस, 720 माणसं.

समजा वाटेतल्या द्वारका चौकात कोंडी वाढली आणि वेग 15वरून 12वर आला. आता एका बाजूला 55 मिनिटं, फेरा 122 मिनिटांचा. बस त्याच 20. वारंवारिता 6.1 मिनिटांवर गेली, तासाला 590 माणसं. एकही बस कमी झाली नाही, एकाही चालकाने दांडी मारली नाही, तरी 18 टक्के क्षमता गेली. जुनी वारंवारिता टिकवायची तर 20च्या जागी 25 बस लागतात. नाशिकसारख्या शहरात 10 वर्षांच्या नियोजनातली पहिली गळती ही असते, आणि प्रकल्प अहवालात वेग बहुधा एकच, अहवाल लिहिला त्या वर्षीचा, शेवटपर्यंत धरलेला असतो.

ह्याच घसरणीचा दुसरा परिणाम बिलावर दिसतो. 100 मिनिटांत 22 किलोमीटर या हिशेबाने 16 तासांत बस 211 किलोमीटर धावते. 122 मिनिटांचा फेरा झाला की 173. करारात रोजची हमी 200 किलोमीटरची असेल, तर उरलेल्या 27 किलोमीटरचे पैसे बस न धावताच द्यावे लागतात, सहसा थोड्या कमी दराने. म्हणजे कोंडीमुळे प्रवासी कमी, तिकीट कमी आणि वर न चाललेल्या किलोमीटरचं बिल. मग कोणीतरी हुशारी करून हमी भरून काढायला बस गर्दीच्या मार्गावरून उचलतो आणि लांबच्या, मोकळ्या रस्त्याच्या मार्गावर टाकतो. सिन्नर किंवा त्र्यंबकच्या बाजूला किलोमीटर झटपट जमतात. कागदावर बसचा वापर सुधारतो, नाशिकरोडचा माणूस थांब्यावरच राहतो.

यावर उपाय म्हणजे हमी निव्वळ किलोमीटरमध्ये न ठेवता दोन भागांत फोडणं: बस सेवेसाठी उभी असण्याचे तास, आणि धावलेले किलोमीटर. भांडवल, चालक, विमा हा खर्च तासांशी बांधलेला असतो. इंधन, टायर, देखभाल किलोमीटरशी. दर तसाच फोडला की संथ मार्गावर बस ठेवण्यात ठेकेदाराचं नुकसान होत नाही आणि महामंडळालाही मार्ग ठरवताना आडमार्ग काढावा लागत नाही. सोबत वेगाची नोंद करारात घ्या. दर 6 महिन्यांनी जीपीएसवरून प्रमुख मार्गांचा गर्दीच्या वेळचा वेग काढायचा, आणि तो मूळ वेगापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त घसरला की वेळापत्रक आणि बसची संख्या दोन्ही नव्याने मांडायची.

गर्दी मोजण्यातही एक खोट हमखास असते. भारमानाचा, म्हणजे बस किती टक्के भरली याचा, जो आकडा बैठकीत येतो तो दिवसभराचा, सगळ्या मार्गाचा, दोन्ही दिशांचा. तो 60 टक्के असताना सकाळी साडेनऊला द्वारकेला बस 130 टक्के भरलेली असू शकते. मोजायचं असतं ते सर्वाधिक भाराच्या ठिकाणी, गर्दीच्या तासात, गर्दीच्या दिशेने. तिकीट यंत्रात चढण्याचा आणि उतरण्याचा टप्पा नोंदलेला असतो, त्यामुळे हे गणित रोज, एकही सर्वेक्षक न पाठवता निघू शकतं. अडचण पासधारकांची. पास दाखवून चढलेल्या विद्यार्थ्याची नोंद झाली नाही तर कॉलेजच्या मार्गांवरची गर्दी आकड्यांतून गायबच होते. पासचा कोड प्रत्येक वेळी स्कॅन करायची सक्ती, नाहीतर तीन महिन्यांतून एकदा द्वारका, शालिमार, सातपूर अशा ठिकाणी माणसं उभी करून मोजणी. आणि थांब्यावर मागे राहिलेले मोजा. खच्चून भरलेली बस आणखी माणसं घेऊच शकत नाही, त्यामुळे खरी मागणी बसमध्ये दिसत नाही, थांब्यावर दिसते.

वाढीव बसचं कलम कसं असावं? साधारण असं: एखाद्या मार्गसमूहावर सलग 3 महिने, कामाच्या दिवशी, गर्दीच्या तासात, सर्वाधिक भाराच्या थांब्यावर सरासरी प्रवासी मंजूर क्षमतेच्या 90 टक्क्यांवर गेले, तर महामंडळ किमान 10 बसच्या तुकडीची मागणी नोंदवेल, ठेकेदार 180 दिवसांत त्या आणेल, एकूण वाढ मूळ ताफ्याच्या 40 टक्क्यांपर्यंत, दर मूळ दरावरून सूत्राने. 'मागणी नोंदवेल' इथे क्रियापद ठाम हवं. 'नोंदवू शकेल' लिहिलं की तिथेच ते कलम मेलं, कारण वर सांगितलेली तूट बघून कोणीच ते वापरणार नाही. निधी नसेल तर निदान तसं लेखी कारण महासभेपुढे ठेवायची अट घाला. बस वाढली नाही तरी निर्णय कोणी अडवला हे दिसेल.

ह्या कलमात सगळ्यात जास्त चुकणारी ओळ मुदतीची. मूळ करार 10 वर्षांचा आहे आणि जादा बस सातव्या वर्षाच्या सुरुवातीला आली, तर तिला पैसे वसूल करायला 4च वर्षं मिळतात. बस 1 कोटीची धरली, तर 10 वर्षांत 7 लाख किलोमीटरवर भांडवलाचा बोजा किलोमीटरला सव्वाचौदा रुपयांच्या आसपास पडतो, व्याज सोडून. 4 वर्षांत 2.8 लाख किलोमीटरवर तोच बोजा पावणेछत्तीस रुपये. ठेकेदार त्या दराला साहजिकच नाही म्हणतो, किंवा जुन्यापुराण्या बस आणायला बघतो. तेव्हा प्रत्येक तुकडीची मुदत तिच्या पहिल्या दिवसापासून मोजा, मूळ करार संपला तरी ती तुकडी चालू राहील आणि नव्या ठेकेदाराच्या ताफ्यासोबत धावेल असं लिहा. नाहीतर मुदतीआधी करार संपल्यास उरलेल्या किमतीला बस विकत घ्यायचा तक्ता जोडा, वर्षागणिक आकड्यांसह.

दराचं सूत्र हा वेगळा लेख होईल, पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. इंधनाचा भाग दर महिन्याला किंवा तिमाहीला बदलला पाहिजे, वर्षाने नाही. 2022मध्ये सीएनजीचे दर झपाट्याने चढले तेव्हा वार्षिक सुधारणेच्या करारांत ठेकेदारांचे हाल झाले. तोटा सोसणारा ठेकेदार पहिली काटकसर देखभालीत करतो: टायर, क्लच, एसी. राखीव बस रोजच्या फेरीत येतात आणि राखीव म्हणून काही उरत नाही. 8 टक्के राखीव कागदावर असतं, डेपोत त्या 8 टक्के बस सुट्या भागांसाठी उघडून ठेवलेल्या असतात. वजनी निर्देशांक असे धरा: इंधनाला त्या शहराचा प्रत्यक्ष दर, मजुरीला किमान वेतनाची अधिसूचना, सुट्या भागांना घाऊक किंमत निर्देशांक. आणि निदान 3 महिन्यांचं बिल एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त ठेकेदाराच्या बिलासाठी राखलेल्या बँक खात्यात. केंद्राने 2024मध्ये ई-बससाठी 3,435 कोटींची देयक सुरक्षा योजना आणली ती याच दुखण्यावर: पैसे वेळेवर मिळतील याची खात्री नसली की बँक ठेकेदाराला महाग कर्ज देते आणि ते व्याज किलोमीटरच्या दरात येऊन बसतं.

क्षमता म्हणजे फक्त बस नाही. नाशिककरांनी वाहकांच्या कामबंदमुळे चांगल्या बस डेपोत उभ्या राहिलेल्या एकापेक्षा जास्त वेळा पाहिल्या आहेत. वाहक एका ठेकेदाराचे, बस दुसऱ्याची, अशी विभागणी असेल तर एकाचं वेतन थकलं की दुसऱ्याची बसही थांबते, आणि बसवाला हमी किलोमीटरचे पैसे मागायला मोकळा. माणसांचा हिशेब सोपा आहे: 2 पाळ्या गुणिले 365, भागिले एका माणसाचे वर्षातले प्रत्यक्ष कामाचे 285 दिवस, म्हणजे बसमागे 2.56 माणसं. 230 बस रोज रस्त्यावर काढायच्या तर सुमारे 590 वाहक आणि तेवढेच चालक. 2.1च्या प्रमाणात भरती करणारा ठेकेदार सुरुवातीला स्वस्त वाटतो; दिवाळीच्या सुट्ट्यांत आणि लग्नसराईत फेऱ्या रद्द होऊ लागतात तेव्हा त्या स्वस्ताईचा अर्थ कळतो. 50 बस वाढवायच्या ठरल्या की आणखी सव्वाशे-सव्वाशे माणसं लागतात, ही ओळ प्रस्तावात सहसा विसरली जाते.

आता जे बदलता येत नाही ते. पहिलं, डेपोची जमीन. 12 मीटरच्या एका बसला वळण्या-फिरण्याच्या जागेसह सुमारे 150 चौरस मीटर लागतात. 100 बसना पावणेचार एकर, आणि कार्यशाळा, धुलाई, इंधन, कार्यालय धरून 5 एकरांकडे. तपोवन आणि नाशिकरोड अशी दोन टोकं आहेत हे चांगलं, पण शहर पाथर्डी, सातपूर, गंगापूर रोडकडे पसरतंय. सकाळची पहिली बस त्या बाजूला न्यायची तर रिकामे किलोमीटर वाढतात. बसमागे रोज 12 डेड किलोमीटर म्हणजे 200च्या हमीतले 6 टक्के नुसते डेपोत जाण्यायेण्यात गेले. पश्चिमेला तिसऱ्या डेपोची जागा विकास आराखड्यात आरक्षित करून ठेवणं हे आज फुकट आहे. 10 वर्षांनी तिथे इमारती असतील.

दुसरं, ऊर्जा. सीएनजी बस किलोला 3 किलोमीटरच्या आसपास धावते, म्हणजे रोज 65 किलो. रात्री 10 ते पहाटे 4 या 360 मिनिटांत एका नळीवर, बसला 9 मिनिटं धरून, 40 बस होतात. 125 बसच्या डेपोला 4 नळ्या लागतात आणि दाब पूर्ण रात्रभर टिकावा लागतो. दाब पडला की भरायला 9ची 15 मिनिटं होतात आणि पहाटेच्या फेऱ्या उशिरा निघतात. ई-बसचं गणित आणखी कठोर. किलोमीटरला 1.2 युनिट धरले तर 200 किलोमीटरला 240 युनिट. 50 बसना 12,000 युनिट, 6 तासांत, म्हणजे सरासरी 2 मेगावॉट. 100 बसना 4, तोटा आणि एकाचवेळचा भार धरून 5. महावितरणची जोडणी 50 बसच्या मापाने घेतली आणि नंतर दुप्पट करायची ठरली तर नवी वाहिनी, नवं उपकेंद्र, रस्ते खोदाईच्या परवानग्या, असं वर्षभर तरी जातं. विजेच्या यंत्रणेची खोली, चर आणि केबलनाली आजच 100 बसच्या मापाची करा, ट्रान्सफॉर्मर आणि चार्जर नंतर आणा. केंद्राच्या पीएम ई-बस सेवेत डेपोची कामं आणि मीटरमागची (डेपोच्या आतली) वीज व्यवस्था यांना वेगळं साहाय्य आहे. तिथे छोटा विचार करण्यात काहीच वाचत नाही. बॅटरीही म्हातारी होते. पहिल्या वर्षी एका चार्जवर 200 किलोमीटर जाणारी बस सहाव्या-सातव्या वर्षी 160वर थांबली तर दुपारी डेपोत यावं लागतं, म्हणजे एक फेरा गेला. करारात 'दुपारच्या चार्जिंगशिवाय अमुक किलोमीटर, शेवटच्या वर्षापर्यंत' अशी अट घाला आणि बॅटरी बदलायची जबाबदारी ठेकेदाराची ठेवा.

तिसरं, फलाट आणि थांब्याची लांबी. इथे कॅनडातल्या व्हँकुव्हरची कॅनडा लाइन ही मेट्रो आठवते. 35 वर्षांच्या खासगी करारावर ती 2009मध्ये सुरू झाली, स्थानकांचे फलाट 40 मीटरचे, वाढवून फार तर 50, दोन डब्यांच्या गाड्या, टोकांना काही भाग एकेरी रुळाचा. प्रवासी अंदाजाच्या आधीच आले. आता गाड्या वाढवून थोडी क्षमता मिळते, पण भुयारातला फलाट कोण लांबवणार? मेट्रो निओचा विषय निघेल तेव्हा हे ध्यानात ठेवा. 2021-22च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटींचा उल्लेख झालेल्या त्या योजनेत 25 मीटरच्या, सुमारे 250 प्रवाशांच्या, टायरवर चालणाऱ्या बस उन्नत मार्गावरून धावणार होत्या. दर 3 मिनिटांनी एक म्हणजे तासाला 5,000 माणसं, 2 मिनिटांनी 7,500. त्याच्या वर जायचं तर स्थानकावर एकामागे एक दोन गाड्या उभ्या राहिल्या पाहिजेत. म्हणजे फलाट 55 मीटरचा. योजना निओची असो वा नेहमीच्या मेट्रोची, खांब उभे राहायच्या आधी हा एक आकडा नकाशावर तपासायचा.

सिंहस्थाचं काय? 2027च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या स्नानपर्वांची गर्दी रोजच्या कराराचं माप म्हणून धरू नका. त्यासाठी वेगळं, अल्पमुदतीचं कलम हवं: ठरावीक दिवस, बसच्या दिवसाचा दर (किलोमीटरचा नाही, कारण बंदोबस्तात किलोमीटर होतच नाहीत), आणि एसटीच्या बससाठी वेगळा समन्वय. बाहेरच्या वाहनतळावरून तासाला 20,000 माणसं आत आणायची तर 60च्या बसच्या 334 फेऱ्या लागतात. फेरा तासाचा असेल तर 334 बस. पण अडतं ते बसवर नाही, चढण्याच्या जागेवर. बस लागणं, भरणं, निघणं याला 3 मिनिटं धरली तर एका जागेवर तासाला 20 बस, म्हणजे 17 चढण्याच्या जागा, रांगांच्या कठड्यांसह, आणि उतरण्याच्या वेगळ्या. 8 जागा बांधून 400 बस आणल्या तर निम्म्याहून जास्त बस रस्त्यावर रांगेत उभ्या राहून रस्ताच अडवतात.

शेवटची, कमी बोलली जाणारी अडचण वयाची. ताफा 2021पासून थोड्याच काळात आला. मुदत 10 वर्षांची धरली तर 2031पासून तो तसाच थोड्या काळात जायला निघेल. शेवटच्या दोन वर्षांत कोणताही ठेकेदार मोठी दुरुस्ती टाळतो, तर नव्या निविदेला, बस बांधणीला, नोंदणीला मिळून दीड-दोन वर्षं जातात. म्हणून पुढची निविदा 2029च्या सुरुवातीला निघाली पाहिजे, आणि एकाच वेळी 250ची नको. तीन तुकड्या, दोन-दोन वर्षांच्या अंतराने, जुन्यांपैकी चांगल्या बसना तपासणी करून दर वेळी एकेक वर्षाची मुदतवाढ देत. त्या निविदेसोबत तिकीट यंत्रांचा आणि जीपीएसचा सेवा सुरू झाल्यापासूनचा कच्चा डेटा बोलीदारांना देता यायला हवा. तो महामंडळाच्या मालकीचा आहे, आणि दर महिन्याला महामंडळाच्या सर्व्हरवर उतरवला जाईल, हे चालू करारात लिहिलेलं आहे का, ते आजच तपासा.